सहा भेटींचं पॅकेज आणि विरळ लॉन : एडिसनच्या एका अंगणाचा दोन वर्षांचा हिशेब

मध्य न्यू जर्सीत घर घेतलं की पहिल्या मार्चपासूनच दाराच्या मुठीला अडकवलेले लॉन-देखभाल कंपन्यांचे कागद सापडू लागतात. ‘तुमच्या लॉनची पाहणी केली आहे’, खाली तणांच्या नावांपुढे फुल्या आणि तळाशी ‘प्रति भेट’ असा एक आकडा. वर्षाला सहा भेटी. पैसे एकदम भरले तर थोडी सूट. पुण्या-नाशकाहून आलेल्या माणसाला गवताला वर्षातून सहा वेळा डॉक्टर लागतो हेच आधी पचत नाही. मग शेजाऱ्याचं हिरवंगार अंगण दिसतं आणि सही होते.

इथे घेतलेलं प्रकरण एडिसन या न्यू जर्सीतल्या गावाच्या बाजूच्या एका नमुना घराचं आहे. ते कुणा एका कुटुंबाचं नाही. पाव एकराच्या प्लॉटवर जे पुन्हा पुन्हा घडतं ते एका अंगणात मांडलं आहे आणि दर त्या पट्ट्यात मिळणाऱ्या कोटेशनच्या आसपासचे धरले आहेत. तुमच्या गावात आकडे थोडे खालीवर होतील. चुकांचा क्रम मात्र सहसा हाच असतो.

अंगण

पाव एकर म्हणजे १०,८९० चौरस फूट. त्यात घराचा पाया १,९००, ड्राइव्हवे आणि पायवाट १,४००, मागचा डेक ५००, झुडपं-फुलझाडांचे वाफे १,०००. उरलं साधारण ६,००० चौरस फूट गवत. कंपनीच्या कोटेशनवर मात्र ८,००० होते. माप उपग्रहाच्या फोटोवरून घेतलेलं. त्यात वाफेही आले आणि शेजाऱ्याची एक पट्टीही आली. दर चौरस फुटांच्या टप्प्याने ठरतो. त्यामुळे भेटीला ८२ डॉलर लागले, ६,००० च्या टप्प्याला ६६ लागले असते. सहा भेटींत ९६ डॉलर गवत नसलेल्या जागेवर गेले. टेप घेऊन तासाभरात मोजता येतं, आणि मोजलेला आकडा कळवला की बहुतेक कंपन्या कुरकुर न करता बदलतात.

माती लालसर, शेलच्या खडकापासून झालेली, गाळाची आणि चिकट. कोकणातल्या माणसाला रंग ओळखीचा वाटेल, पण ही जांभ्यासारखी निचऱ्याची नाही. बांधकामाच्या वेळी वरचा सुपीक थर खरवडून नेलेला आणि यंत्रांनी खालची माती दाबलेली. स्क्रूड्रायव्हर दाबला की दोन इंचांवर अडतो.

गवत मुख्यतः टॉल फेस्क्यू. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपली सवय हरळीची. हरळी जमिनीवरून आणि जमिनीखालून धावते, मोकळी जागा दिसली की स्वतःच भरून काढते. टॉल फेस्क्यू झुबक्यात वाढतं, जागा सोडत नाही. एक झुबका मेला की तिथे टक्कल पडतं आणि ते टक्कल तसंच राहतं, किंवा तण ती जागा घेतं. म्हणजे कपाशीत नांगे भरतो तसे इथे दर एक-दोन वर्षांनी बी टाकून नांगे भरावे लागतात. सहा भेटींच्या पॅकेजात बी नव्हतं. या प्रकरणाचं मूळ या एका ओळीत आहे.

पहिलं वर्ष

पहिली भेट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. खताच्या दाण्यावर प्रोडायमीन या उगवणीपूर्व तणनाशकाचा लेप. रोख क्रॅबग्रास या उन्हाळी तणावर: वरच्या इंचभर मातीचं तापमान काही दिवस सलग ५५ फॅरनहाइटच्या (साधारण १३ सेल्सियस) आसपास राहिलं की त्याचं बी उगवायला लागतं. इथले जुने लोक तापमापक न लावता फोर्सिथिया या झुडपाची पिवळी फुलं बघतात. ती फुलली की औषध पडलेलं हवं. वेळ बरोबर होती आणि काम नीट झालं.

दहा दिवसांनी मालकांनी टकलांवर बी टाकलं. २५ पौंडांची पिशवी, वर पसरायला पीट मॉस, मिळून १२० डॉलर. रोज पाणी. बी फुगलं, कोंब दिसले, आठवड्याभरात आडवे पडून वाळले. बी खराब असेल अशी समजूत झाली. पण प्रोडायमीन मुळाच्या टोकाशी पेशींचं विभाजन थांबवतं. क्रॅबग्रासचं मूळ आणि फेस्क्यूचं मूळ यांत त्याला भेद कळत नाही. कोंब बियातल्या साठ्यावर वर येतो, खाली मूळ धरत नाही. कंपनीने सांगायला हवं होतं, हे खरं. पण बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘या उपचारानंतर काही महिने बी पेरू नये’ असं छापलेलं असतंच.

दुसरी भेट मेच्या मध्यावर: रुंदपानी तणांवर २,४-डी, मेकोप्रॉप आणि डायकँबा यांचं नेहमीचं मिश्रण, सोबत खत. डँडेलियन वाकडेतिकडे होऊन मेले आणि त्यांच्या जागी आणखी टकलं दिसू लागली. त्याच भेटीत तंत्रज्ञाने दाराला चिठ्ठी अडकवली: ग्रब (गवताची मुळं खाणारी अळी) प्रतिबंधक, जादा ९५ डॉलर. मालकांनी नको म्हटलं. किडा दिसत नसताना औषध कशाला, हा विचार चुकीचा वाटत नाही. पण या किड्याच्या बाबतीत चुकतो.

तिसरी भेट जूनअखेर, परत खत. हे खत मला सगळ्या पॅकेजातलं सर्वांत नको असलेलं वाटतं. टॉल फेस्क्यू थंडीचं गवत. जुलैच्या दमट उकाड्यात त्याला विसावा हवा असतो. तेव्हा नत्र मिळालं की लुसलुशीत पाती सुटतात आणि त्यांच्यावर ब्राउन पॅच ही बुरशी बसते. इथेही बसली. चिठ्ठीने बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या सुचवल्या. त्या टाळल्या ते बरं झालं. रात्री उशिराचं पाणी बंद करून पहाटे देणं सुरू केलं आणि बुरशी पसरायची थांबली.

ऑगस्टमध्ये चौथी भेट, पुन्हा खत. शिवाय चुन्याची एक स्वतंत्र भेट, ८५ डॉलर. मातीची तपासणी नाही. बिलावर ‘चुना’ इतकंच. दर हजार चौरस फुटांना किती पौंड टाकला, याचा पत्ता नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या अंगणात खोलीएवढा तपकिरी पट्टा पडला. उन्हाने करपला असेल म्हणून पाणी वाढवलं. मग एका सकाळी तो पट्टा उलटापालटा उकरलेला सापडला. रात्री स्कंक, म्हणजे मातीतल्या अळ्या उकरून खाणारा एक छोटा प्राणी, येऊन गेला होता.

ग्रब : एक चौरस फूट

इथे कुदळीचं काम आहे. पट्ट्याच्या कडेला, जिथे तपकिरी संपून हिरवं सुरू होतं, तिथे एक फूट बाय एक फूट चौकोन आखायचा. मधोमध नाही, कारण मधलं खाऊन किडे कडेकडे सरकलेले असतात. तीन बाजू दोन-तीन इंच खोल कापायच्या आणि चौथ्या बाजूवर सतरंजीसारखं गवत उलटायचं. मुळं शाबूत असतील तर जोर लावावा लागतो. इथे नुसत्या बोटांनी उलटलं, खालची मुळं कातरलेली. मातीत दुधी रंगाच्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या अळ्या. मोजल्या तर चौदा. साधारण आठ-दहाच्या पुढे गेल्या की सुदृढ लॉनही तग धरत नाही. हे लॉन आधीच विरळ होतं.

उसात लागणाऱ्या हुमणीच्याच कुळातला हा किडा: जपानी भुंगेऱ्याची अळी. शेपटाकडच्या केसांची बारीक रांग इंग्रजी ‘व्ही’ आकारात असते, त्यावरून तो ओळखतात. अमेरिकेत हा किडा पहिल्यांदा सापडला तो १९१६ मध्ये न्यू जर्सीतच, रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत. भुंगेरे जूनअखेर बाहेर पडतात, गुलाब आणि द्राक्षवेलींची पानं जाळीदार करतात, जुलैत गवतात अंडी घालतात. ऑगस्टमध्ये अळ्या फुटतात आणि सप्टेंबरमध्ये नुकसान डोळ्यांना दिसतं. दिसतं तेव्हा अळ्या मोठ्या झालेल्या असतात आणि मोठ्या अळीवर औषध नीट चालत नाही. त्या महिन्यात १४० डॉलरची तातडीची फवारणी झाली, थोड्या अळ्या मेल्या, पट्टा मात्र गेलाच. शेजाऱ्याने टांगलेला पिवळा भुंगेरे-सापळा हाही या गोष्टीतला एक पात्र आहे; असा सापळा जितके पकडतो त्याहून जास्त भुंगेरे आजूबाजूला बोलावून घेतो.

प्रतिबंधक औषधाबाबत अजून एक गफलत होते. जुने घरमालक सांगतात, ग्रबचं औषध जूनअखेर किंवा जुलैत टाकायचं. ते इमिडाक्लोप्रिड या निओनिकोटिनॉइड कीटकनाशकाच्या काळातलं वेळापत्रक. न्यू जर्सीने २०२२ मध्ये केलेल्या कायद्याने ३१ ऑक्टोबर २०२३ पासून निओनिकोटिनॉइड गटातल्या औषधांचा शेतीबाहेरचा खुल्या जागेतला वापर थोडे अपवाद सोडता बंद केला. घरचं लॉन त्या अपवादांत बसत नाही. आता वापरतात ते क्लोरँट्रानिलिप्रोल. ते पाण्यात फार हळू विरघळतं आणि मुळांपर्यंत जायला वेळ घेतं, म्हणून एप्रिलअखेर ते मे हाच त्याचा काळ. टाकल्यावर पाव ते अर्धा इंच पाणी द्यावं लागतं. मधमाश्यांना ते बरंच सौम्य आहे. म्हणजे किडा दिसायच्या चार महिने आधी पैसे द्यावे लागतात, आणि चिठ्ठी नाकारणाऱ्या मालकाला ते पटत नाही.

ऑक्टोबरची तपासणी

पाचवी भेट ठरल्याप्रमाणे झाली, पुढे नोव्हेंबरात सहावीही. अंगण एप्रिलपेक्षा विरळ होतं. मालकांचा राग कंपनीवर होता, आणि तो निम्माच रास्त होता.

मुख्य दोषी कंपनीच्या बिलात नव्हताच. गवत कापणारी मंडळी वेगळी. दर गुरुवारी येत, वीस मिनिटांत दोन मोठ्या मशीननी पुढचं-मागचं अंगण उरकून जात. भेटीला ५० डॉलर, मध्य एप्रिल ते नोव्हेंबर अशा २८ कापण्या, १,४०० डॉलर. कापल्यावर लगेच गवतात पट्टी उभी धरली तर उंची दोन इंच. टॉल फेस्क्यूला साडेतीन हवी. दोन इंचावर पातं छोटं, मूळही तितकंच उथळ. ऊन थेट मातीवर, मग क्रॅबग्रासला आमंत्रण आणि जुलैत करपणं. शिवाय एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नसतं, आणि मेमध्ये हे अर्ध्याहून अधिक कापत होते. पात्यांची टोकं पांढुरकी, फाटलेली दिसत होती: मशीनची पाती बोथट. एका रस्त्यावरची पंधरा घरं एकाच उंचीवर कापायची, हा त्यांचा सोयीचा हिशेब. मशीनची पिन दोन खाचा वर सरकवायला मिनिट लागतं, पण सांगितल्याशिवाय कोणी सरकवत नाही.

थोडक्यात, एक माणूस ८२ डॉलर घेऊन गवताला टॉनिक देत होता आणि दुसरा ५० डॉलर घेऊन त्याचे पाय कापत होता. दोघांची भेट कधी होत नाही.

मग माती. रटगर्स विद्यापीठाच्या मृदा प्रयोगशाळेत नमुना पाठवायला साधारण २०-२५ डॉलर लागतात. अंगणात दहा-बारा ठिकाणी चार ते सहा इंच खोल मातीची सळई काढायची, गवताचा वरचा भाग टाकून द्यायचा, बादलीत मिसळायची आणि त्यातली दोन वाट्या माती पाठवायची. अहवाल असा: सामू (पीएच) ५.६, स्फुरद पुरेसा, पालाश मध्यम. शिफारस दर हजार चौरस फुटांना ७५ पौंड चुना, एका वेळी ५० पौंडांपेक्षा जास्त नाही. इतक्या आम्ल मातीत दिलेलं खत पुरतं अंगी लागत नाही, हे ऑगस्टच्या ८५ डॉलरच्या आधी कळायला हवं होतं.

कायद्याने काय बांधलं आहे

न्यू जर्सीचा खत कायदा २०११ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. तो घरमालकाच्या बाजूचा आहे, पण तो वाचणारे थोडे. स्वतः खत टाकत असाल तर एका वेळी दर हजार चौरस फुटांना एकूण ०.९ पौंड नत्र, त्यातलं पाण्यात चटकन विरघळणारं ०.७ पर्यंत, आणि वर्षात ३.२ पौंड. व्यावसायिकाला एका वेळी १.० आणि वर्षात ४.२५. नत्राचा किमान २० टक्के भाग सावकाश सुटणारा हवा. स्फुरद मातीच्या तपासणीशिवाय नाही, अपवाद नव्या पेरणीचा किंवा लॉन दुरुस्तीचा. १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकाला बंदी. व्यावसायिकाची बंदी १ डिसेंबरला सुरू होते. ओढ्या-तळ्यापासून २५ फूट लांब राहायचं, मर्यादित पसरणारं यंत्र असेल तर १०. खत टाकणाऱ्या व्यावसायिकाकडे रटगर्समार्फत दिलं जाणारं प्रमाणपत्र हवं, औषध फवारायला राज्याचा वेगळा परवाना. दोन्हींचे क्रमांक कोटेशनवर मागा.

या आकड्यांवरून मालाची किंमत काढता येते. समजा २४ टक्के नत्राचं खत, ०.९ पौंड नत्र हवं: ०.९ भागिले ०.२४ म्हणजे हजार चौरस फुटांना ३.७५ पौंड खत. ६,००० ला साडेबावीस पौंड. ५० पौंडांची पोती ४५ डॉलरच्या आसपास धरली तर एका भेटीचा माल वीस डॉलर. वरचे पैसे माणूस, ट्रक, विमा आणि परवाना यांचे. यात लूट नाही. पण ज्या भेटीत फक्त खत पडतं ती तुम्ही चाळीस डॉलरचं ढकलतं यंत्र घेऊन स्वतः करू शकता. तणनाशकाचं मात्र जपून: मिश्रण चुकलं की शेजाऱ्याचे टोमॅटो वाकडे होतात आणि संबंधही.

दुसरं वर्ष

मोठ्या कंपनीने पॅकेजातल्या भेटी वगळायला नकार दिला. करार आपोआप नूतनीकरणाचा होता. रद्द केल्याचं लेखी कळवलं नसतं तर मार्चमध्ये ट्रक पुन्हा दारात असता. गावातल्या दोन ट्रकवाल्या ठेकेदाराने हवं तसं मान्य केलं: मोजलेले ६,००० चौरस फूट, चार भेटी, प्रत्येकी ६६.

एप्रिल: प्रोडायमीनऐवजी डायथायोपायर, सोबत हजाराला जेमतेम अर्धा पौंड नत्र. निवड मुद्दाम. सप्टेंबरात बी पेरायचं ठरलं होतं. डायथायोपायरचा असर तीन-चार महिन्यांत ओसरतो आणि नुकतंच उगवलेलं कोवळं क्रॅबग्रासही त्याने मरतं. प्रोडायमीनची पूर्ण मात्रा पेरणीपर्यंत रेंगाळू शकते. वसंतात एकही बी टाकलं नाही. टकलं तशीच पाहत राहणं जिवावर येतं, पण एप्रिलची पेर जुलैच्या उन्हात उथळ मुळांनिशी सापडते.

मे: सरसकट फवारणी नाही, फक्त दिसतील त्या तणांवर. क्लोरँट्रानिलिप्रोल जादा ८० डॉलर, त्या रात्री स्प्रिंकलरने पाणी. जूनअखेरचं आणि ऑगस्टचं खत वगळलं. लव्हाळ्याचा भाऊबंद यलो नटसेज डेकच्या मागच्या ओलीत उगवला, तो ओढून काढला तर खालच्या गाठी उरतात आणि दुप्पट येतो. त्याचं वेगळं औषध त्याच भेटीत मारून घेतलं.

कापणारे तेच ठेवले. फक्त त्यांच्या मालकाला मेसेज: उंची साडेतीन इंच, पाती धारेची, जुलै-ऑगस्टमध्ये बोलावल्याशिवाय यायचं नाही. २८ च्या २४ कापण्या झाल्या. पहिल्या दोन गुरुवारी पट्टी घेऊन उभं राहावं लागलं.

आणि मग ज्याच्यासाठी हे सगळं वर्ष आखलं होतं ते काम: एअरेशन, म्हणजे पोकळ दातांच्या यंत्राने दाबलेल्या मातीला भोकं पाडणं, आणि त्यावर पेरणी. मध्य जर्सीत पेरणीची खिडकी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत; अमेरिकेतल्या कामगार दिनानंतरचा (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आठवडा उत्तम. माती अजून ऊबदार, रात्री गार, तणांचा जोर सरलेला. दोन दिवस आधी गवत दोन इंचावर कापून काड्या उचलल्या. वर्षात एवढ्याच वेळी खाली कापायचं. आदल्या दिवशी पाणी, म्हणजे सकाळी वाफसा. वाफसा या शब्दाला इथल्या कोणत्याही माहितीपत्रकात इतका नेमका पर्याय सापडत नाही: सुकी माती यंत्राच्या पोकळ दातांना दाद देत नाही, चिखल दातांत अडकतो. स्प्रिंकलरची तोंडं आणि जमिनीत उथळ टाकलेल्या केबल यांना आधी झेंड्या लावल्या. ही पायरी चुकली की ठेकेदार हात वर करतो.

पोकळ दातांचं यंत्र, उभी एक फेरी आणि आडवी एक. एका फेरीतली भोकं फार लांब लांब पडतात. कोटेशनमध्ये ‘दोन फेऱ्या’ लिहून घ्या. दोन-तीन इंचांच्या मातीच्या गुंडाळ्या वर पडतात, त्या उचलायच्या नाहीत, दोन पावसांत विरघळतात. नुसते टोकदार खिळे मारणारं यंत्र आलं तर परत पाठवा. ते भोकाच्या भोवतीची माती आणखी दाबतं.

बी ३० पौंड, हजाराला पाच. टॉल फेस्क्यूचे तीन वाण. पिशवीवरच्या लेबलवर तपासणीची तारीख, तणबियांची टक्केवारी आणि ‘इतर पीक’ हा रकाना बघायचा. वार्षिक रायग्रास मिसळलेलं स्वस्त बी आठवड्यात हिरवं होतं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मरतं. चांगलं बी शोधायला लांब जायला नको: लॉनसाठीच्या बारीक पानाच्या टॉल फेस्क्यूचा पाया ज्यांनी घातला ते सी. रीड फंक शेजारच्या न्यू ब्रन्सविकमध्ये, रटगर्समध्येच काम करत होते. पेरणीसोबत स्फुरदाचं थोडं खत, कायद्यात लॉनच्या दुरुस्तीसाठी त्याला मुभा आहे म्हणून. वरून ५० पौंड प्रति हजार चुना, एकूण ३०० पौंड, ४० पौंडांच्या आठ पिशव्या, ५६ डॉलर, मालकांनी स्वतः टाकला. उरलेला पुढच्या वसंतात.

पेरणीच्या दिवशीच चालणारं एक तणनाशक आहे, मेसोट्रायोन. बॉटलब्रशच्या झाडाखाली तण कमी येतं यावरून ते सुचलं; तेच लाल ब्रशसारख्या फुलांचं झाड पुण्याच्या रस्त्यांकडेला असतं. ठेकेदाराने ते बियासोबत मारलं. दोन-तीन आठवड्यांनी तणं आणि थोडं जुनं गवतही पांढरं पडतं. घाबरून फोन करू नये, गवत परत हिरवं होतं.

पाणी मालकांचं. रोज दोनदा हलकं, साधारण दशांश इंच, वरचा अर्धा इंच सुकू द्यायचा नाही. ६,००० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे ५०० घनफूट, ३,७४० गॅलन. चौदा दिवसांचं दोन इंच आठ दशांश होतं, म्हणजे पाऊस पडलाच नाही तर साडेदहा हजार गॅलन. आपल्या बिलावरचा दर घालून गुणा. ही रक्कम कोणत्याच कोटेशनमध्ये नसते. दहाव्या दिवशी पहिली हिरवी लव दिसली. ऑक्टोबरात ओक आणि मेपलची पानं पडायला लागली की ती दर दोन-तीन दिवसांनी हलक्या हाताने उडवायची. ओल्या पानांखाली आठवडाभर दबलेलं रोप कुजतं. जपून वाढवलेली कित्येक पेरणी इथे वाया जाते.

चौथी भेट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शेवटचं खत. गवत कापणं थांबत आलेलं पण अजून हिरवं, हा त्याचा काळ. आदल्या वर्षी तेच खत थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या आठवड्यात पडलं होतं, व्यावसायिकाला तेव्हा परवानगी असते म्हणून.

दोन्ही वर्षांची बिलं

पहिलं वर्ष: सहा भेटी ४९२, चुना ८५, ग्रबची तातडीची फवारणी १४०, कापणी १,४००. बेरीज २,११७. न्यू जर्सीत लॉनच्या सेवेवर ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो, तो १४०. वाया गेलेलं बी आणि पीट मॉस १२०. एकूण २,३७७ डॉलर.

दुसरं वर्ष: चार भेटी २६४, ग्रब प्रतिबंधक ८०, दोन फेऱ्यांचं एअरेशन आणि बियासकट पेरणी ३९०, कापणी १,२००. बेरीज १,९३४, कर १२८. मातीची तपासणी २५, चुना ५६. एकूण २,१४३, अधिक पाणी.

बचत २३४ डॉलरची, आणि त्यातली बरीचशी चार कापण्या वाचल्याची. उपचारांवरचा खर्च, कर सोडून, आदल्या वर्षी ८३७ होता, या वर्षी ८१५. जवळपास तेवढाच. वगळलेल्या दोन भेटी, चुन्याची आंधळी भेट, तातडीची फवारणी आणि वसंतातलं बी यांचे पैसे सप्टेंबरच्या एका कामात गेले.

एअरेशनचं यंत्र भाड्याने आणून हे काम स्वतः करता येतं, शंभर-दीडशे डॉलर वाचतात. पण ते धूड अडीच-तीनशे पौंडांचं, गाडीत चढवायला दोन माणसं, उतारावर आवरताना कंबर जाते. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी आणलं तर परवडतं.

तिसऱ्या वर्षाचं कोटेशन जानेवारीत आलं. त्याच चार भेटी, पण चौरस फूट पुन्हा ८,०००, कारण ठेकेदाराच्या ऑफिसमधल्या नव्या मुलीने उपग्रहाच्या फोटोवरून माप काढलं होतं. एअरेशन सगळ्या अंगणाला ३९० लावलेलं. या वर्षी ते फक्त मागच्या ग्रबच्या पट्ट्यापुरतं आणि फुटपाथलगतच्या पट्टीपुरतं हवं आहे, जिथे रस्त्यावरचं मीठ आणि हिमफावडं दर हिवाळ्यात गवत मारतात. एप्रिलचं डायथायोपायर कायम. मेचं ग्रबचं औषध कायम, यंदा कुदळ मारल्यावर फुटात दोनच अळ्या निघाल्या असल्या तरी, कारण शेजाऱ्याचा सापळा अजून टांगलेला आहे. चुन्याची ओळ खोडली: उरलेले १५० पौंड, म्हणजे चार पिशव्या, गॅरेजमध्ये मार्चची वाट बघत पडल्या आहेत.